तांबड्या मातीत मेटल डिटेक्टर: आधी यंत्र गप्प करा, मग खोल जा

चवथीला आठवडा राहिला होता. शेजारच्या काकी माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीचं सामान गोळा करायला मागच्या पोरसात गेल्या आणि परत आल्या तेव्हा बोटात अंगठी नव्हती. मी ऐटीत डिटेक्टर घेऊन पोचलो. सेन्सिटिव्हिटी थेट शेवटच्या आकड्यावर नेली, कारण तेव्हा माझी समजूत अशी की आकडा जितका वर तितकं यंत्र खोल बघतं. पाऊल टाकलं आणि यंत्र बोंबलायला लागलं. अळवाच्या वाफ्यात वाजलं, माडाच्या आळ्यात वाजलं, नुसती कॉइल, म्हणजे जमिनीवर झुलवायची चकती उचलली तरी वाजलं. पायरीवर बसलेल्या काकी म्हणाल्या, "अरे, सगळीकडेच वाजतंय. म्हणजे आमच्या पोरसात सोन्याची खाण आहे म्हणायची."

खाण होती, पण लोखंडाची. दोन तासांत मी एक खिळा, पत्र्याचे तुकडे आणि बरेचसे नुसते दगड खणून काढले. दुसऱ्या दिवशी लहान कॉइल लावली, ग्राउंड बॅलन्स (मातीचा आवाज पुसायची जुळणी) नीट केला, सेन्सिटिव्हिटी बरीच कमी केली. अंगठी अळवाच्या वाफ्यात चार बोटं खाली होती, म्हणजे आदल्या दिवशी मी तिच्यावरून निदान पाच वेळा गेलो असणार.

गोव्यातले डिचोली, सत्तरी, सांगे, केपे, फोंडा, पेडण्याचे सडे (खडकाळ पठारं), थोडक्यात जिथे विहीर खणताना चिरा लागतो तिथल्या सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. वर सिंधुदुर्ग-रत्नागिरीतही हाच जांभा आहे, त्यामुळे तिकडच्या मंडळींनाही उपयोगी पडेल. यंत्राबरोबरची पुस्तिका परदेशातल्या हिरवळीवर नाणी शोधणाऱ्यासाठी लिहिलेली असते. आपल्याकडे ती जशीच्या तशी चालत नाही.

माती कुठे त्रास देते

जांभा हा कडक पावसाने धुतलेला खडक आहे. लाखो वर्षांच्या पावसात त्यातली सिलिका आणि क्षार वाहून गेले, लोह आणि ॲल्युमिनियमचे ऑक्साइड मागे राहिले. फ्रान्सिस बुकानन याने केरळातल्या अंगाडिपुरमजवळ लोक हा दगड विटांसारखा कापताना पाहिले आणि १८०७ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला 'लॅटेराइट' हे नाव दिलं. आपण त्याच विटेला चिरा म्हणतो.

माती जितकी लाल तितका त्रास जास्त, असं मात्र नाही. लाल रंग मुख्यतः हेमॅटाइटचा आणि पिवळट-तपकिरी रंग गोएथाइटचा. ही दोन्ही खनिजं डिटेक्टरला फारशी छळत नाहीत. छळतात ती मॅग्नेटाइट आणि मॅगहेमाइट. मॅग्नेटाइट कॉइलच्या चुंबकीय क्षेत्राला त्याच क्षणी, तालात उत्तर देतं. ते उत्तर जोरदार असतं, पण त्याचा ताल ठरलेला असल्याने ग्राउंड बॅलन्स ते बऱ्यापैकी पुसू शकतो. मॅगहेमाइटचे अतिसूक्ष्म कण जरा उशिरा उत्तर देतात. धातूही उशिराच उत्तर देतो, आणि यंत्र नेमक्या त्या उशिरावरूनच धातू ओळखतं. म्हणून अशी माती यंत्राला धातूसारखी भासते. सगळ्या घोळाचं मूळ हे आहे.

मॅगहेमाइट तयार व्हायला आग मोठी मदत करते. लोहयुक्त माती पालापाचोळ्यासकट तापली की तिच्यातल्या साध्या ऑक्साइडांचं मॅगहेमाइट होतं. म्हणून काजूचा पाला दरवर्षी जाळायची जागा, होळी पेटते ती जागा, जुन्या कुमेरीचा (जंगल जाळून केलेल्या शेतीचा) उतार, पडक्या घराची चूल, इथे यंत्र वेड्यासारखं वागतं. मंगळुरी कौलांच्या खापऱ्यांचंही तेच. भट्टीत भाजल्यामुळे कौल चुंबकाला प्रतिसाद देतं आणि मातीत पुरलेली खापरी नाण्यासारखा छोटा, नेटका आवाज देते. जुन्या घराच्या परड्यात मी अशा किती खापऱ्या खणल्या ते विचारू नका.

म्हणून यंत्र चालू करायच्या आधी एक पैशाचाही खर्च नसलेली चाचणी करा. फुटक्या स्पीकरचा चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून कोरड्या मातीतून ओढा. पिशवीला काहीच चिकटलं नाही तर माती सोपी आहे. काळसर दाढी उगवली तर तयारीने उतरा. तसाच चिऱ्याचा मुठीएवढा तुकडा आणि कौलाची खापरी कॉइलसमोर हवेत हलवून त्यांचा आवाज कानात बसवून घ्या. अशा दगडांना डिटेक्टरवाले 'हॉट रॉक' म्हणतात.

खोलीचं गणित

कॉइलपासून दूर जाताना तिचं क्षेत्र अंतराच्या घनाने घटतं. लहान वस्तूकडून परत येणारं उत्तरही तसंच घटतं. दोन्ही मिळून अंतर दुप्पट झालं की सिग्नल ६४ पट कमी होतो. २० सेंटिमीटरवर दिसणारी वस्तू २२ सेंटिमीटरवर दिसायला हवी असेल तर पावणेदोनपट सिग्नल लागतो. म्हणजे सेन्सिटिव्हिटी चार आकडे चढवून हाती येणार एक-दोन बोटं, आणि त्याच चार आकड्यांनी मातीचा गोंगाट इतका वाढणार की दहा सेंटिमीटरवरची वस्तूही त्यात बुडणार. आपल्या मातीत खोली मिळते ती गोंगाट कमी करून.

हेच गणित कॉइलच्या उंचीला लावा. हाताच्या सवयीने कॉइल जमिनीपासून तीन सेंटिमीटर जास्त वर राहिली आणि २० चे २३ झाले, तर सिग्नल निम्म्याहून कमी होतो. झुलवताना दोन्ही टोकांना कॉइल वर उचलली जाण्याची खोड बहुतेकांना असते. ती मोडली तर एक पैसा खर्च न करता खोली वाढते.

कॉइल

मोठी कॉइल खोल बघते हे स्वच्छ मातीत खरं आहे. पण मोठी कॉइल एका वेळी जास्त मातीही बघते, आणि माती हाच शत्रू असेल तर तो हिशेब उलटतो. ११ इंचीवर जे पोरस सतत बडबडतं तेच ६ इंचीवर बऱ्याचदा शांत होतं. आकाराइतकाच प्रकारही महत्त्वाचा. डीडी कॉइलची नजर मधल्या एका अरुंद पट्टीपुरती असते, कॉन्सेंट्रिक कॉइलची शंकूसारखी पसरलेली. जांभ्यात डीडीच घ्या. माझ्याकडे दोन कॉइल आहेत: उघड्या शेतासाठी मोठी आणि परडं, कुळागर (पोफळीची बाग), पडकी भिंत यांच्यासाठी छोटी. एकच घेणं परवडत असेल तर मी छोटी घेईन.

कॉइलची केबल दांड्याला घट्ट गुंडाळा. सैल केबल हलली की खोटा आवाज येतो आणि माणूस मातीला शिव्या देतो. कॉइलच्या कव्हरमध्ये साचलेली तांबडी मातीही धुऊन काढा. ती सतत कॉइलला चिकटून असते, मग यंत्राचं काय व्हायचं?

मांडणी: कुठल्या क्रमाने

क्रम चुकला की पुढचं सगळं चुकतं, म्हणून तो सांगतो. आधी विजेचा गोंगाट, मग ग्राउंड बॅलन्स, मग सेन्सिटिव्हिटी, बाकी सगळं त्यानंतर. बहुतेक लोक सेन्सिटिव्हिटीपासून सुरुवात करतात.

मोबाइल खिशातून काढून पायरीवर ठेवा. विहिरीचा पंप चालू असेल तर बंद करायला सांगा, डोक्यावरून विजेची तार जात असेल तर शक्य तितकं लांब सरका. कॉइल हवेत, कमरेएवढ्या उंचीवर स्थिर धरा. इथेही यंत्र पुटपुटत असेल तर तो गोंगाट विजेचा आहे, मातीचा नाही. नॉइज कॅन्सल चालवा. यंत्र आपली फ्रीक्वेन्सी किंचित सरकवून शांत जागा शोधतं. तेवढे पंधरावीस सेकंद कॉइल हलवू नका. हवेतच यंत्र शांत होत नसेल तर जमिनीवर ते होणारच नाही.

आता ग्राउंड बॅलन्स. यावर थोडा वेळ घालवू, कारण सगळं इथेच जिंकतं किंवा हरतं.

डिस्क्रिमिनेशन (नको तो धातू बाद करायची सोय) पूर्ण शून्यावर आणा, म्हणजे यंत्र सगळ्या धातूंना आवाज देईल. हात-दीड हात चौरसाची अशी जागा शोधा जिथे धातू नाही: कॉइल झुलवली तरी एका ठिकाणी टोकदार आवाज येत नाही. जाळलेली जागा, खापऱ्यांचा ढीग, सिमेंटचा कट्टा टाळा. सिमेंटच्या आत सळ्या असतात. मग कॉइल जमिनीला समांतर धरून सुमारे २० सेंटिमीटरवरून ३ सेंटिमीटरपर्यंत खाली-वर करा, नारळ किसताना हात चालतो तशा संथ लयीत. ज्या यंत्रात पकड-बटण असतं त्यात ते दाबून ठेवून हे करायचं. यंत्र मातीचा आकडा पकडतं. हाताने जुळवायचं यंत्र असेल तर आकडा थोडा थोडा बदलत ऐका: खाली आणताना आणि वर नेताना आवाज सारखाच क्षीण झाला की जुळलं. कुठल्या दिशेने फिरवायचं ते यंत्रागणिक बदलतं. आवाज वाढला तर उलट फिरवा, एवढं पुरतं.

मग तो आकडा लक्षात ठेवा आणि तीन पावलं पुढे जाऊन पुन्हा करा. आकडा जवळपास तोच आला तर खरा. फार वेगळा आला तर पहिल्या जागी खाली काहीतरी पुरलेलं होतं, किंवा माती पावला-पावलाला बदलते आहे. जांभ्यात दुसरं कारण नेहमीचं. सड्यावर उघडा चिरा, खळग्यात साचलेली माती आणि कडेला काळपट गोट्यांचा थर, असे तीन आकडे वीस पावलांत मिळतात.

अचूक जुळवल्यावर मी आकडा कणभर सरकवतो, खाली आणताना किंचित हुंकार येईल असा. याला पॉझिटिव्ह बाजू म्हणतात. बारीक, खोल वस्तूचा कुजबुजता आवाज या बाजूला कानावर येतो. उलट बाजूला गेलात तर माती गप्प होते खरी, पण तिच्याबरोबर बारीक चैनीची कडीही गप्प होते. कणभर म्हणजे कणभरच. जास्त झालं तर प्रत्येक खळग्यावर यंत्र हुंकारेल.

काही यंत्रं चालता चालता स्वतःच संतुलन बदलत राहतात. त्याला ट्रॅकिंग म्हणतात. सड्यासारख्या भराभर बदलणाऱ्या जमिनीवर ते वरदान आहे. पण क्षीण आवाजावर कॉइल आठ-दहा वेळा पुढे-मागे केलीत तर ट्रॅकिंग त्या वस्तूलाच माती समजून पुसायला लागतं. म्हणून शोधताना ट्रॅकिंग चालू, आणि आवाज सापडून तो तपासायला लागलात की बंद. यंत्रात ते बंदच करता येत नसेल तर संशयित जागेवर दोन-तीन झोके मारून थांबा.

साध्या यंत्रांत, जसं की गॅरेटच्या एस २५० मध्ये, संतुलन कारखान्यातच ठरवलेलं असतं. मिनलॅब व्हॅनक्विश आपोआप जुळवतं, हाताने काही करता येत नाही. कारखान्यात ठरवलेलं संतुलन असेल तर आपल्या हातात सेन्सिटिव्हिटी आणि कॉइलची उंची एवढंच राहतं. कडक मातीत कॉइल दोन बोटं वर धरा. आधी सांगितलेल्या गणिताने वस्तूचा सिग्नल घटतो हे खरं, पण यंत्र सतत ओव्हरलोड होत असेल तर तो घाटा सोसावा लागतो. नवीन यंत्र घेणाऱ्याला माझं सांगणं एवढंच की रंगीत स्क्रीन, ब्लूटूथ बघू नका. हाताने ग्राउंड बॅलन्स करता येतो का ते बघा. गोव्यात त्याच्याविना यंत्र म्हणजे पावसात कागदाची छत्री.

सेन्सिटिव्हिटी

यंत्र जमिनीपासून तीन सेंटिमीटरवर नेहमीच्या वेगाने झुलवा. सेन्सिटिव्हिटी मधल्या आकड्यावर ठेवा आणि एकेक आकडा वर न्या. ज्या आकड्याला यंत्र मधूनच निरर्थक टिकटिक करू लागेल तिथून दोन आकडे खाली या. झालं. माझं यंत्र २५ पर्यंत जातं. काकींच्या पोरसात ते १६ च्या वर कधी शांत राहिलं नाही, आणि अंगठी १५ वर सापडली. मिरामारच्या कोरड्या वाळूत तेच यंत्र २२ वर समाधानी असतं.

थोडी टिकटिक मला चालते. अनुभवी कानाला खरा आवाज त्यातून वेगळा ओळखू येतो, कारण तो पुन्हा पुन्हा त्याच जागी, दोन्ही दिशांनी येतो. मातीचा आवाज एका बाजूने येतो, परतताना नाही, किंवा हातभर सरकलेला असतो. नव्या माणसाने मात्र पहिले दोन महिने पूर्ण शांततेतच काम करावं. कान तयार झाल्याशिवाय गोंगाटात उतरलात तर यंत्रावरचा विश्वासच उडतो आणि मग खरा आवाजही सोडून देता.

डिस्क्रिमिनेशनचा मोह

आवाज नको म्हणून लोक लोखंड बाद करून टाकतात. खनिजयुक्त मातीत हीच सर्वांत महागडी चूक आहे. वस्तू खोल गेली की तिच्या उत्तरात मातीचं उत्तर मिसळतं आणि स्क्रीनवरचा आकडा लोखंडाच्या बाजूला घसरतो. वर ठेवलेली सोन्याची अंगठी नीट आकडा दाखवते, तीच १५ सेंटिमीटरवर लोखंड म्हणून नोंदली जाऊ शकते. तुम्ही लोखंड बाद केलेलं असेल तर ती तुमच्या कानापर्यंत येतच नाही.

आपल्या नाण्यांचा एक घोळही इथेच सांगतो. हल्लीची एक आणि दोन रुपयांची नाणी स्टेनलेस स्टीलची, चुंबकाला चिकटणारी आहेत. यंत्राच्या दृष्टीने ती लोखंडाची चकती. म्हणून सरावासाठी रुपया पुरून 'माझं यंत्र बिघडलंय' म्हणू नका. ऐंशीच्या दशकातला तांबे-निकेलचा रुपया, ॲल्युमिनियमचं जुनं दहा पैशांचं नाणं, पितळेची नळाची तोटी घ्या. सोन्याची वस्तू हवीच असेल तर सरावाला स्वतःची घ्या, बायकोची नको.

मी लोखंड बाद न करता त्याला जाड, खर्जातला आवाज देतो आणि ऐकत राहतो. कान लवकर शिकतो. खिळ्याचा आवाज घरघरतो, कडेला फाटतो. अंगठीचा आवाज गोल असतो. काही यंत्रांत आयर्न बायस नावाची कळ असते. ती वाढवली की यंत्र संशयाचा फायदा लोखंडाला देतं. कळंगुट-बागाच्या वाळूत बिअरच्या झाकणांसाठी ती वाढवावी. पोरसात ती शक्य तितकी खाली.

रिकव्हरी, थ्रेशोल्ड आणि फ्रीक्वेन्सी

रिकव्हरी स्पीड म्हणजे एका आवाजानंतर यंत्र किती लवकर पुढच्यासाठी मोकळं होतं. पुस्तिकेत लिहिलेलं असतं की वेग कमी ठेवला तर खोली वाढते. स्वच्छ मातीत ते खरं. जांभ्यात कमी वेगावर यंत्र मातीचा लांबलचक सिग्नल धरून बसतं आणि वस्तू त्यात विरून जाते, म्हणून मी मध्यावरून एक-दोन आकडे वरच ठेवतो. मिनलॅबच्या इक्विनॉक्स ८०० मध्ये हे १ ते ८ असतं, ६०० मध्ये १ ते ३. यंत्र बदललं की आकडे बदलतात, तत्त्व नाही.

थ्रेशोल्ड म्हणजे मागे सतत राहणारी बारीक गुणगुण. ती जेमतेम ऐकू येईल एवढीच ठेवा. ती गुणगुण मध्येच तुटली तर खाली बाद केलेलं काहीतरी आहे, आणि किंचित फुगली तर खोलवर काहीतरी आहे. त्यासाठी हेडफोन हवेतच. रातकिड्यांच्या आवाजात उघड्या स्पीकरवर हे ऐकू येत नाही.

फ्रीक्वेन्सीवर वाद घालायला लोकांना आवडतं. सरळ सांगायचं तर जास्त फ्रीक्वेन्सी बारीक सोनं, कानातली कुडी, पातळ चेन पकडते, पण कडक माती तिला जास्त बोचते. कमी फ्रीक्वेन्सी तांबं, चांदी आणि मोठ्या वस्तू खोलवर बघते. गॅरेटचं एटी प्रो यंत्र १५ किलोहर्ट्झवर चालतं, नोक्टाचं सिम्प्लेक्स प्लस १२ वर. एकाच वेळी अनेक फ्रीक्वेन्सी वापरणारं यंत्र असेल तर जांभ्यात त्याच मोडने सुरुवात करा, कारण माती आणि धातू यांचं उत्तर फ्रीक्वेन्सीगणिक वेगळं बदलतं आणि यंत्राला तुलना करता येते. तरीही बडबड थांबली नाही तर मधली एकच फ्रीक्वेन्सी लावून बघा. मला दोन-तीन जागी ती जास्त शांत मिळाली. का, ते त्या मातीलाच ठाऊक.

झोका

कॉइल जमिनीला समांतर, हाताचा वेग सारखा, प्रत्येक झोका आधीच्याच्या निम्म्यावर चढलेला. कडक मातीत हळू चला. आवाज आला की लगेच खणू नका. नव्वद अंशात फिरून आडव्या दिशेने झुलवा. दोन्ही दिशांनी आवाज टिकला तर खूण करा. मग कॉइल हळूहळू वर उचला: हॉट रॉकचा आवाज दोन-तीन बोटांतच विरतो, धातूचा थोडा जास्त टिकतो. हा नियम दहातल्या सात वेळा चालतो. उरलेल्या तीन वेळा कौल निघतं.

परड्यात सरावाची जागा

नाणं पुरून लगेच शोधू नका. उकरलेली माती आणि न उकरलेली माती यंत्राला सारखी दिसत नाही. मी शेताच्या मेरेच्या (बांधाच्या) कडेने एक इंची पीव्हीसी पाइप तिरका आत ठोकला आहे, वरची माती जशीच्या तशी. एका काठीच्या टोकाला दोऱ्याने अंगठी बांधून ती पाइपात सरकवायची: हातभर आत गेली की वरची माती दहा सेंटिमीटर, आणखी आत गेली की वीस. मग वरून कॉइल झुलवून एकेक सेटिंग बदलून बघायचं आणि वहीत लिहायचं. पाइप प्लास्टिकचाच हवा, हे सांगायची गरज नाही असं मला वाटायचं. एका मित्राने जीआय, म्हणजे लोखंडी पाइप ठोकला.

ही चाचणी वर्षातून दोनदा करा: एकदा मे महिन्यात माती दगड झालेली असताना, एकदा श्रावणात. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्या ओल्या मातीत आकडे सरकतात. मेमधलं सेटिंग ऑगस्टमध्ये तसंच चालवू नका.

किनारा

कोरडी वाळू सोपी. ओली वाळू मात्र खाऱ्या पाण्यामुळे स्वतःच वीज वाहते आणि यंत्राला पातळ धातूच्या पत्र्यासारखी दिसते. एकाच फ्रीक्वेन्सीच्या यंत्राला खाऱ्या पाण्यासाठी जमवलं की आकडा खाली येतो, लोहखनिजासाठी जमवलं की वर जातो. पावसाळ्यानंतर वाळूत काळसर पट्टे दिसतात तिथे ही दोन्ही दुखणी एकत्र भेटतात. दोघांना एकाच आकड्याने खूश करता येत नाही. तिथे एकाच फ्रीक्वेन्सीने हट्ट करू नका; अनेक फ्रीक्वेन्सीचा बीच मोड नसेल तर कोरड्या वाळूतच राहा.

बीच मोड लावून ग्राउंड बॅलन्स ओल्या वाळूवरच करा. ओहोटीला जा आणि पाण्याच्या रेषेला समांतर चाला. उभं चाललात तर प्रत्येक पावलाला ओलावा बदलतो आणि यंत्र गोंधळतं. लाट कॉइलवर आली की थांबा, ओसरली की पुढे. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग इथे कासवं अंडी घालतात. तिथे खणायचं नाही, यंत्र घेऊन फिरायचंही नाही.

पल्स इंडक्शन जातीची (झटक्याझटक्याने क्षेत्र सोडणारी) यंत्रं खाऱ्या वाळूत आणि मॅग्नेटाइटमध्ये फार खोल जातात. पण मॅगहेमाइटचं उशिरा येणारं उत्तर त्यांनाही ऐकू येतं, त्यामुळे त्यांनाही जांभ्यात ग्राउंड बॅलन्सची सोय असलीच पाहिजे. शिवाय लोखंड वेगळं ओळखण्याची त्यांची ताकद तोकडी. हरवलेल्या अंगठीसाठी एवढी महाग वस्तू घ्यावी असं मला तरी वाटत नाही.

खणण्याआधी

दुसऱ्याच्या भाटात (माडांच्या बागेत) मालकाला विचारल्याशिवाय पाऊल नको. खाणपट्ट्यात शिरायचं नाही. जुन्या गोव्याच्या चर्च आणि कॉन्व्हेंट १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत, आणि कुशावती नदीकाठी उसगाळीमळला आदिमानवाने कोरलेली चित्रं आपल्या या जांभ्यावरच आहेत. अशा संरक्षित जागी डिटेक्टर बाहेरसुद्धा काढू नका. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडवलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ऐवज सापडला तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावं लागतं, न कळवल्यास वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदाही लागतो. म्हणून माझं काम हरवलेल्या अंगठ्या, जमिनीखाली गेलेली जीआय पाइपलाइन, मातीने झाकलेलं व्हॉल्व्हचं झाकण आणि हद्दीचा लोखंडी खुंटा, एवढ्यापुरतंच. त्यातही दिवस भरतो.

खणताना पिकास लांब ठेवा. छोट्या खुरप्याने वर्तुळात कापून मातीचा गोळा अख्खा उचला, पालथा करा आणि कॉइल आधी त्या गोळ्यावर फिरवा, मग खड्ड्यावर. वस्तू बहुतेक वेळा गोळ्यातच असते, आणि घाईने पिकास मारणाऱ्याची अंगठी दोन तुकड्यांत निघते. गोळा पुन्हा तसाच बसवून पायाने दाबला की झाड मरत नाही. काकींचा अळू मी असाच परत बसवला होता. चवथीच्या दुसऱ्या दिवशी त्याच वाफ्यातल्या पानांचं फदफदं माझ्या पानात आलं.